वाटेवरची अट

देणाऱ्याने देताना घातलेली अट घेणाऱ्याच्या संसारात किती आतपर्यंत पोचते? धर्मशास्त्राने हा प्रश्न गाय, जमीन आणि तळे यांच्या निमित्ताने सोडवू पाहिला. आज तो एका अशा वस्तूपाशी अडून बसला आहे, जिचे नाव संगणकाच्या धंद्याबाहेर फारसे कोणी ऐकलेले नसते. डेटाबेस ड्रायव्हर ही ती वस्तू. हिशेबाचा, रुग्णालयाचा किंवा गोदामाचा प्रोग्रॅम आपली माहिती सहसा दुसऱ्या एका प्रोग्रॅमच्या, म्हणजे डेटाबेस सर्व्हरच्या स्वाधीन करतो. आणि सर्व्हरशी त्याला कळेल अशा पद्धतीने बोलून ती परत आणणारा मधला तुकडा म्हणजे ड्रायव्हर. सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर चालला तरी बिघडत नाही, पण ड्रायव्हरला विकल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमच्या पोटातच बसावे लागते. स्वीडनमध्ये जन्मलेल्या मायएसक्यूएल या डेटाबेसचा हा तुकडा आवृत्ती ३.२३ पर्यंत एलजीपीएल या सौम्य परवान्याखाली मिळत असे, ४.० पासून तो जीपीएलखाली आला. जीपीएलची अट अशी, की त्याखालचा कोड आपल्या कृतीत मिसळून ती कृती दुसऱ्याला दिली, तर तिचा सोर्स कोडही त्याच परवान्याखाली द्यायचा. ज्यांना हे परवडत नव्हते त्यांना मायएसक्यूएल एबी ही कंपनी पैसे घेऊन निराळा परवाना देई. अट घालण्यात अधर्म आहे असे मला वाटत नाही. पण अटीचा अधिकार जे दिले तेवढ्यापुरता असतो, आणि जिथे नुसती वाट दिली तिथे वाटसरूच्या गाठोड्यावर हक्क सांगता येत नाही, असे माझे म्हणणे आहे.

मीमांसकांनी दानाचे लक्षण काटेकोर केले. देणाऱ्याचे स्वत्व संपले पाहिजे, घेणाऱ्याचे स्वत्व उत्पन्न झाले पाहिजे, आणि घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय दान पुरे होत नाही. विहीर, तळे किंवा बाग लोकांसाठी सोडून देणे या लक्षणात बसत नाही, म्हणून त्याला उत्सर्ग असे वेगळे नाव मिळाले. तिथे कोणी एक घेणारा नसतो. मालकी सर्व भूतांसाठी सोडलेली असते. त्यामुळे ज्याने तळे खोदले तोही पुढे त्याचे पाणी पिऊ शकतो, मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकी एक म्हणून. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा भेद नोंदवला आहे, आणि सॉफ्टवेअरच्या परवान्यांवरच्या चर्चेत तो फार उपयोगी पडतो. जीपीएल या अर्थाने दान नाही आणि उत्सर्गही नाही. त्यात कॉपीराइट सोडलेलाच नसतो. मालकी शिल्लक आहे म्हणून तर अट चालते. खरा उत्सर्ग पाहायचा तर एसक्यूलाइटकडे पाहावे. डी. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये सुरू केलेला हा छोटा डेटाबेस अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींत असतो, आणि त्यावरचा कॉपीराइट त्याच्या कर्त्यांनी साफ सोडला आहे. हिप यांची कंपनी त्याच एसक्यूलाइटवर सेवा विकून चालते, तळे खोदणाऱ्याने सर्वांपैकी एक होऊन पाणी प्यावे तशी. काही देशांचे कायदे कर्त्याला कॉपीराइट असा सोडूच देत नाहीत, म्हणून वकिलांच्या समाधानासाठी ही कंपनी हक्काचे हमीपत्रही विकते. सोडून दिलेल्या वस्तूचा कागद विकत घ्यावा लागावा, हा व्यवहार मीमांसकांनाही विचारात पाडणारा आहे.

शास्त्रातल्या उत्सर्गाकडे फार भाबडेपणाने पाहू नये, हेही खरे. सर्व भूतांसाठी सोडलेल्या पाण्यावर याच समाजाने माणसांना येऊ दिले नाही. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव संमत केला, आणि तरीही १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. त्या अन्यायाच्या मापात परवान्यांचा वाद बसत नाही, बसवूही नये. पण त्यातून एक गोष्ट उचलावीशी वाटते: वस्तू खुली असणे आणि तिच्यापर्यंत पोचता येणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि पहिली मान्य करून दुसरी रोखणे हा फार जुना उपाय आहे.

एसक्यूलाइटच्या कोडमध्ये परवान्याच्या जागी एक छोटा आशीर्वाद आहे. वापरणाऱ्याकडून भले व्हावे, वाईट होऊ नये, असा त्याचा आशय. याच आशयाची दुसरी एक नोंद आहे आणि तिचे भाग्य अगदी उलटे निघाले. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन या माहितीच्या देवाणघेवाणीच्या स्वरूपासाठी लिहिलेल्या आपल्या कोडला एमआयटी परवाना लावताना त्यात एक ओळ वाढवली, की सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाइटासाठी नाही. डेबियनने असा परवाना मुक्त मानला नाही, आणि अपाची फाउंडेशनने २०१६ मध्ये आपल्या प्रकल्पांना असा कोड सोबत घ्यायची मनाई केली. भावना एकच, एकाने ती आशीर्वाद म्हणून उच्चारली, दुसऱ्याने अट म्हणून. आशीर्वाद घेणाऱ्याच्या विवेकावर सोडलेला असतो. अट मोडली की नाही हे मात्र कोणीतरी ठरवावे लागते, आणि चांगले काय, वाईट काय, हे ठरवणारे न्यायालय कोणत्याही परवान्याला सापडलेले नाही. नैतिक इच्छा कायद्याच्या भाषेत घातली की तिची धार बहुधा चुकीच्या माणसाला लागते, हे इथे लक्षात ठेवावे, कारण जीपीएलमागेही मुळात नैतिक इच्छाच आहे.

ती इच्छा मला आदरणीय वाटते. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीच्या आशेने किंवा फळावर डोळा ठेवून दिलेले ते राजस, आणि ज्याच्याकडून काही परत यायचे नाही त्याला, द्यायचे म्हणून दिलेले ते सात्त्विक. जीपीएलला कोणी घाईने राजस म्हणेल, कारण तो काहीतरी परत मागतो. पण नीट पाहिले तर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये आणलेला हा परवाना देणाऱ्याला काहीच परत मिळवून देत नाही. तो म्हणतो, मला देऊ नका, ज्याला तुम्ही पुढे द्याल त्याला माझ्याकडून मिळाले तेवढे सगळे द्या. कोडमध्ये सुधारणा करणाऱ्याने ती मूळ कर्त्याकडे पाठवलीच पाहिजे असेही त्यात नाही. हे ऋण फेडायचे आहे ते पुढच्याला, मागच्याला नाही. आपल्याकडे ऋषिऋण अध्ययन करून आणि शिकवून फेडतात, त्याच जातीचे. तेव्हा ज्याने लिनक्सचा कर्नल घेतला, त्यात चार ओळी घातल्या आणि यंत्रात बसवून विकला, त्याच्याकडून त्या चार ओळी मागणे मला पूर्ण न्याय्य वाटते. त्याने घेतलेली वस्तू त्याच्या कृतीचा देह झाली आहे. नुसता स्पर्श झाला, असे त्याला म्हणता येणार नाही.

ड्रायव्हरची गोष्ट इथेच वेगळी पडते. हिशेबाचा प्रोग्रॅम ड्रायव्हरकडून घेतो काय? हिशेबाचे एकही सूत्र नाही, पडद्यावरची एकही चौकट नाही. तो घेतो बोलण्याची रीत: ओळख कशी पटवायची, प्रश्न कसा पाठवायचा, उत्तराच्या ओळी कशा वाचायच्या. सर्व्हर बंद करून ठेवला तर ड्रायव्हर कोणाच्याच कामाचा उरत नाही. शिवाय १९९२ मध्ये आलेल्या ओडीबीसी आणि १९९७ मध्ये आलेल्या जेडीबीसी या समाईक पद्धतींनी लिहिलेला प्रोग्रॅम आज मायएसक्यूएलशी, उद्या पोस्टग्रेसशी आणि परवा ओरॅकलशी फारसा न बदलता बोलू शकतो. मग तो या तिघांपैकी कोणाच्या कृतीतून निर्माण झाला? फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे मत असे, की ड्रायव्हरसारखी लायब्ररी प्रोग्रॅमला जोडली की दोघांची मिळून एक संयुक्त कृती होते, जोडणी चालवण्याच्या वेळी झाली तरीही. पण जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर शेवटी कॉपीराइट कायद्यातल्या साधित कृतीवर उभा आहे, आणि ती कल्पना कादंबरीच्या भाषांतरासाठी आणि नाट्यरूपांतरासाठी घडलेली आहे. २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायालयात प्रोग्रेस सॉफ्टवेअर आणि मायएसक्यूएल एबी समोरासमोर आले. प्रोग्रेसच्या उपकंपनीने मायएसक्यूएलला जोडलेला जेमिनी हा भाग साधित कृती आहे की स्वतंत्र, हा वाद तिथे निघाला. न्यायाधीश पॅटी सॅरिस यांनी ट्रेडमार्कच्या बाबतीत तात्पुरता मनाई हुकूम दिला. जीपीएलच्या बाबतीत मात्र हा प्रश्नच वादग्रस्त आहे असे नोंदवून हुकूम द्यायचे नाकारले. जेमिनी तर सर्व्हरच्या पोटातला भाग होता. त्याच्याविषयी जिथे शंका उरते, तिथे सर्व्हरच्या बाहेर उभ्या असलेल्या हिशेबाच्या प्रोग्रॅमविषयी खात्रीने काय बोलणार?

याहून बोलका पुरावा पीएचपीचा. पीएचपी ही वेबसाइटसाठी वापरली जाणारी भाषा स्वतः ओपन सोर्स आहे, पण तिचा तेव्हाचा परवाना जीपीएलशी जुळत नव्हता. ड्रायव्हर जीपीएलखाली गेल्यावर २००४ च्या पीएचपी ५ मधून मायएसक्यूएलची ती लायब्ररी वगळली गेली. म्हणजे ज्या अटीचा उद्देश खुलेपणा वाढवणे हा होता, ती पहिल्यांदा खुल्या प्रकल्पालाच लागली. मायएसक्यूएल एबीने त्याच वर्षी ठरावीक ओपन सोर्स परवान्यांना सूट जाहीर केली, आणि पुढे मायएसक्यूएलच्याच अभियंत्यांच्या हातून पीएचपीच्या परवान्याखाली नवा ड्रायव्हर लिहिला गेला. २००९ च्या पीएचपी ५.३ पासून तो भाषेसोबतच मिळू लागला. सर्व्हर तोच, बोलणे तेच, मागच्या बाजूची माहितीही तीच. अट मात्र गेली. वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये जर जुन्या ड्रायव्हरमुळे काही मूळ द्रव्य उतरले असते, तर ते दुसरा ड्रायव्हर बसवल्याने इतक्या सहज निघून गेले नसते. कायदाही हळूहळू याच दिशेला वळला आहे. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये एसएएसच्या खटल्यात प्रोग्रॅमचे कार्य, प्रोग्रॅमिंगची भाषा आणि फाइलींची स्वरूपे कॉपीराइटच्या बाहेर ठेवली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये जावाच्या सुमारे ११,५०० घोषणावजा ओळी गुगलने उचलणे न्याय्य वापर ठरवले. अशा ओळींवर मुळात कॉपीराइट असतो की नाही, हे मात्र त्याने मोकळेच ठेवले. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमातही, स्वतंत्रपणे घडवलेला प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवून चालवण्यासाठी लागणारी आणि सहज न मिळणारी माहिती मिळवणे हे उल्लंघन मानलेले नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. ड्रायव्हर लिहायलाही मेहनत पडते. ज्याला अट नको त्याने पीएचपीवाल्यांसारखा आपला लिहावा. हक्काच्या भाषेत हे बिनतोड आहे आणि मी तो हक्क नाकारत नाही. पण मेहनतीतून अटीला वजन येत असेल तर ते मेहनतीच्या मापात असावे. ड्रायव्हरमध्ये केलेली सुधारणा मागा. ड्रायव्हरच्या पलीकडचा अख्खा प्रोग्रॅम मागणे हे मेहनतीचे मोल राहत नाही. आणि मार कोणाला बसतो तेही पाहावे. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रोग्रॅम नुसता चालवण्यावर बंधन नाही, बंधन आहे ते प्रत दुसऱ्याच्या हाती देण्यावर. त्यामुळे सगळे काही आपल्याच यंत्रांवर चालवून जगाला सेवा विकणारी अवाढव्य कंपनी या अटीतून सुटते, आणि दुकानदाराच्या संगणकावर प्रोग्रॅम बसवून देणारा लहान विक्रेता तेवढा सापडतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: निराळा परवाना विकून आलेल्या पैशावरच तर मायएसक्यूएल वाढला. स्वतः स्टॉलमन यांनी २००९ मध्ये इतरांबरोबर युरोपीय आयोगाला लिहून, ओरॅकलने मायएसक्यूएल ताब्यात घेऊ नये असे सांगितले. नुसता जीपीएल पुरत नाही, परवाने विकून येणाऱ्या पैशावर विकास चालतो, हा त्यातला एक मुद्दा होता. पुढे २०१० मध्ये त्यांनी जीपीएलमधून अशी सवलत विकण्याचे समर्थनही केले. त्यांचा युक्तिवाद असा, की कोणालाही बंद प्रोग्रॅममध्ये वापरू देणारा एक्स ११ सारखा परवाना लावणे चालत असेल, तर तीच मुभा काहींना पैसे घेऊन देणे त्याहून वाईट कसे? युक्तिवाद चलाख आहे, पण मला पटत नाही. एक्स ११ ची मुभा सर्वांना सारखी असते. तिथे कोणाच्या मनात धास्ती राहत नाही. विकलेली सवलत मात्र धास्तीच्या प्रमाणात महाग होते. जोडणीने साधित कृती होते की नाही हे जितके धूसर, तितका ग्राहक पैसे टाकून मोकळा व्हायला तयार. म्हणजे विकली जाते ती धूसरपणातून सुटका. गीतेने राजस दानाला तामस म्हटलेले नाही, आणि पोटासाठी धंदा करणाऱ्याला नावे ठेवण्याचे कारणही नाही. सर्व्हर विकावा, देखभाल विकावी, प्रशिक्षण विकावे. पुढच्या माणसाच्या स्वातंत्र्यासाठी घातलेली अट पैसे देताच उठत असेल, तर त्या पुढच्या माणसाचे काय झाले, एवढेच विचारायचे आहे. अट त्याच्यासाठी होती. ती विकण्याचा हक्क कोणाचा?

वाट बिनशर्त दिली तर पुढे काय होते, याचेही उदाहरण आहे, आणि ते माझ्या बाजूला सोयीचे नाही. मोंगोडीबी या डेटाबेसच्या कंपनीने सर्व्हर कडक एजीपीएलखाली ठेवला, पण ड्रायव्हर अपाची परवान्याखाली सगळ्यांना खुले दिले. २०१९ च्या जानेवारीत ॲमेझॉनने डॉक्युमेंटडीबी ही सेवा आणली. ती मोंगोडीबीच्या पद्धतीने बोलते, त्यामुळे मोंगोडीबीनेच लिहिलेले ड्रायव्हर वापरून गिऱ्हाईक ॲमेझॉनच्या दारी जाऊ शकले. स्वतः बांधलेल्या वाटेने लोक दुसऱ्याच्या तळ्यावर गेले, तर बांधणाऱ्याला दुःख होणारच. पण यात त्याचे काय हिरावले गेले? बोलण्याची रीत त्याची एकट्याची नव्हती. ती ग्राहकांनी आपल्या कोडमध्ये वर्षानुवर्षे मुरवलेली होती. मोंगोडीबीने आपले रक्षण केले ते योग्य जागी: २०१८ च्या ऑक्टोबरात सर्व्हरचा परवाना बदलून एसएसपीएल केला. तो ओपन सोर्स नाही असे ओपन सोर्स इनिशिएटिव्हने २०२१ मध्ये स्पष्ट केले, आणि मलाही ते बरोबर वाटते; तरी अट तळ्यावर होती, वाटेवर नव्हती. इलास्टिक या कंपनीने उलटे केले. २०२१ मध्ये सर्व्हरचा परवाना तर बदललाच, शिवाय ७.१४ आवृत्तीपासून आपल्या क्लायंट लायब्ररींमध्ये, म्हणजे ड्रायव्हरच्याच जातीच्या तुकड्यांमध्ये, समोरचा सर्व्हर आपलाच आहे का हे तपासणारा कोड घातला. दुसऱ्या कोणाचा निघाला तर ही लायब्ररी बोलायलाच नकार देते. लायब्ररीचा परवाना अपाचीच राहिला. कागदावर पूर्ण खुली, चालताना अडवणारी. ॲमेझॉनने मग त्या लायब्ररींच्या आपल्या प्रती काढल्या, कारण अपाची परवान्याने तेवढी सोय ठेवली होती. जीपीएलमधली अट निदान वाचता तरी येते.

मग ड्रायव्हरवर अट असूच नये का? असावी, पण ड्रायव्हरपुरती. मूळ मायएसक्यूएलच्या कर्त्यांनी २००९ मध्ये वेगळी वाट धरून काढलेल्या मारियाडीबीचा सी भाषेतला ड्रायव्हर एलजीपीएलखाली आहे: त्याच्यात बदल केलात तर तो बदल खुला करा, तुमचा प्रोग्रॅम तुमचा. अडचण एवढीच, की एलजीपीएलला प्रोग्रॅम आणि लायब्ररी सुट्या करून, लायब्ररी बदलून पुन्हा जोडता येणे अपेक्षित असते, आणि गोसारख्या नव्या भाषांत सगळे वितळून बहुधा एकच फाइल होते. गोमधला मायएसक्यूएलचा प्रचलित ड्रायव्हर त्यामुळेही पाहण्यासारखा आहे. तो मोझिलाच्या एमपीएल २.० परवान्याखाली आहे, आणि त्या परवान्याची अट मोजली जाते ती सोर्स कोडच्या फाइलींनी. ज्या फाइलीत ड्रायव्हरचा कोड आहे ती बदलली तर ती खुली करायची. शेजारच्या फाइलीत तुम्ही काय लिहिले आहे, हे तो विचारत नाही.